पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी

कवाईत मास्तराला शाळेत कोणी फारसं मास्तर समजत नाही. गणिताचा मास्तर आजारी पडला तर हेडमास्तर काळजीत पडतात, कवाईत मास्तर आजारी पडला तर पोरं खूश होतात. मी तीसेक वर्षं हे काम केलं. माझ्या हाताखालून गेलेल्यांतले काही वकील झाले, दोघे मुनसफ झाले. आजही बाजारात भेटले की पायाला हात लावतात आणि हटकून सांगतात, की मास्तर, तुमच्या बैठकांनी मांड्या अशा भरून यायच्या की वर्गात खाली बसवत नव्हतं. शाळेत शिकलेलं त्रैराशिक त्यांना आठवत नाही, बैठका आठवतात. त्याचं श्रेय माझं किती आणि मांड्यांचं किती, हे मी ठरवत नाही.

या अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे शरीरसंपत्तीच्या महत्त्वावर लेख मागितला होता. तो विषय माझ्यापेक्षा तरुण आणि पुस्तकं वाचलेली माणसं चांगला लिहितील. मी एका मुलाबद्दल लिहितो. त्याच्या शरीरसंपत्तीचं मी नुकसान केलं होतं.

मी मूळचा अकोल्याच्या जुन्या शहरातला. मोर्णेच्या काठाजवळ आमच्या वडिलांचा आखाडा होता. वडील वस्ताद. वस्ताद म्हणजे नुसता कुस्ती शिकवणारा नव्हे. कोणाचा खांदा निखळला, पाय मुरगळला, बरगडी सरकली, की सगळं जुनं शहर आमच्या दारी यायचं. नारू काढून घ्यायलाही लोक यायचे. आजच्या शहरातल्या वाचकांना नारू म्हणजे काय ते सांगावं लागेल. तो दोऱ्यासारखा पांढरा, हात-दीड हात लांब किडा. माणसाच्या अंगात वाढतो आणि उन्हाळ्यात पायाला फोड आणून बाहेर डोकं काढतो. आग इतकी होते की माणूस पाय पाण्यात घालून बसतो. तो ओढून काढता येत नाही. बारीक काडीवर त्याचं टोक गुंडाळायचं, रोज एक-दोन वेढे द्यायचे, आणि पंधरा-वीस दिवस धीर धरायचा. मध्येच तुटला तर आत राहिलेला भाग कुजतो, पाय सुजतो, आणि कधी कधी माणूस जन्माचा अधू होतो. काडी फिरवायची कला मी वडिलांकडून दहाव्या वर्षीच शिकलो होतो. हे इथं मुद्दाम सांगून ठेवतो, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

ते कापसाच्या तेजीचे दिवस होते. दूर अमेरिकेत लढाई जुंपली आणि साहेबाच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकदम भाव आला. पुढे ती लढाई संपली तरी आमच्याकडची नशा लगेच उतरली नव्हती. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. कधी पायात वहाण न घातलेली माणसं मखमली टोप्या घालून हिंडू लागली. त्याच सुमारास अमरावतीत इंग्रजी शिक्षणाची सोय झाली, आणि अशा एका शाळेचे हेडमास्तर काही कामानं अकोल्याला आलेले असताना दमणीतून, म्हणजे बसायच्या हलक्या बैलगाडीतून, उतरताना पडले. ते पुण्याकडचे, अंगानं काटकुळे, बोलणं मोजून मापून. वडिलांनी त्यांचं मनगट बसवलं. ते होईपर्यंत हेडमास्तर मी मल्लखांबावर पोरांना चढवत होतो ते बघत बसले. जाताना मला विचारलं, वाचता येतं का. पंतोजीकडे अक्षरं शिकलो होतो, तसं सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "आमची मुलं वाकून लिहितात आणि वाकूनच घरी जातात. त्यांना सरळ करायला याल का?"

मी गेलो. वडिलांना ते आवडलं नाही. आखाडा सोडून पोरगा शाळेत उभा राहणार म्हणजे त्यांना पहिलवानानं कारकुनी केल्यासारखं वाटलं.

शाळेचं मैदान कापसाच्या बाजाराला लागून होतं. हंगामात मैदानावर कापसाच्या गठाणी रचलेल्या असायच्या आणि आम्ही त्यांच्या मधल्या बोळांतून कवाईत करायचो. पोरांच्या केसांत, भुवयांत कापसाची तुसं अडकलेली असायची. दंड, बैठका, मल्लखांब, जोडी फिरवणं हे मला येत होतं. साहेबी कवाईत मी एका पेन्शनर हवालदाराकडून पंधरा दिवसांत शिकून घेतली होती. त्यातले इंग्रजी हुकूम मला पाठ होते, अर्थ नीट कळत नव्हता. पोरांना इंग्रजी येत होतं. त्यामुळे पहिले काही दिवस मी चुकीचा हुकूम द्यायचो आणि ती माझ्याकडे दयेनं बघत बरोबर बाजूला वळायची.

गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची होती. एक गावातली भिक्षुक, वकील, कारकून मंडळींची मुलं. एका भटजींच्या मुलाला आखाड्याची माती लागली की घरी गेल्यावर त्याची आजी त्याला उंबऱ्याबाहेर उभा करून दोन घागरी डोक्यावर ओतायची. तो बिचारा पौषातसुद्धा कुडकुडत यायचा, पण एक दिवस चुकला नाही. दुसरी तऱ्हा खेड्यांतल्या पाटील-कास्तकारांच्या मुलांची. त्यांचे बाप म्हणायचे, आमचं पोट्टं वावरात राबते थे काय कमी कसरत हाये. खरं तर तेजी आल्यापासून त्यांची पोट्टी वावरात राबत नव्हती. ती दमणीत बसून यायची आणि दमणीतूनच जायची. माझा त्या पोरांवर थोडा राग होता. हाही इथं लिहून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्यात त्याचा हात आहे.

पुंडलिक हा असाच एका पाटलाचा मुलगा. अमरावतीपासून दोन कोसांवरचं गाव, नाव लिहीत नाही. वडील जानराव पाटील. आई तीन-चार वर्षांपूर्वी तापानं गेलेली. हा पंधरा वर्षांचा, लांब तंगड्यांचा, बोलायला कमी. शाळेजवळ लांबच्या एका नातेवाइकाकडे राहायचा. आणि पळायला, वऱ्हाडीत पयायला, लागला की सगळ्या शाळेत त्याच्या बरोबरीनं कोणी टिकायचं नाही. मी त्याला तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण तो पळताना मी इतर पोरांकडे बघायचं विसरायचो.

होळी होऊन गेली होती. आठ दिवसांवर तपासणीला साहेब येणार होते. हेडमास्तरांनी मला सांगून ठेवलं होतं की साहेबाला कवाईत बघायची आहे, आणि शाळेला कवाईत मास्तर हवा की नको ते त्यावर ठरेल. मी पोरांना सकाळ-संध्याकाळ पिळून काढत होतो. अशा एका सकाळी पुंडलिक रांगेतून बाजूला झाला आणि जमिनीवर बसला.

मी विचारलं, "काहून बसला?"

तो म्हणाला, "पाय दुखून राह्यला, मास्तर."

कोणता पाय, कुठं, कधीपासून, हे मी विचारलं नाही. चाळीस पोरांसमोर म्हणालो, "कापसाच्या गादीवर लोळून लोळून दुखते तुले. ऊठ. तीन फेऱ्या मार."

पोरं हसली. तो उठला. धोतर सारखं करून त्यानं पळायला सुरुवात केली. पहिल्या फेरीत तो नेहमीसारखाच पळतोय असं मला वाटलं. दुसऱ्या फेरीत उजवा पाय ओढत होता. मला तो नखरा वाटला. तिसऱ्या फेरीत तो गठाणींच्या कोपऱ्यावर कोसळला तेव्हा मी जवळ गेलो. धोतर वर सरकलं होतं. गुडघ्याच्या खाली चिंधी बांधलेली होती आणि चिंधीत अडकवलेली एक बारीक काडी मोडून पडली होती. काडीला नारूचा बोटभर तुकडा गुंडाळलेला होता. बाकीचा आत गेला होता.

मी त्याला पाठीवर घेतलं. माझी खोली शंभर पावलांवर होती, तिकडे निघालो. पाठीवरून तो एवढंच म्हणाला, "हेडमास्तरले सांगू नका. मले घरी धाडतीन."

खरं कारण तेच होतं. नारू निघालेला मुलगा दिसला की शाळेतून त्याला महिनाभर घरी पाठवत. वार्षिक परीक्षा तोंडावर होती. म्हणून तो स्वतःच काडी फिरवत होता, कोणाला कळू न देता.

तिसऱ्या दिवशी पाय मांडीपर्यंत सुजला. अंग तापानं भाजत होतं. त्याच्या नातेवाइकानं आपल्या घरात लहान पोरं आहेत असं सांगून त्याला ठेवून घ्यायला नकार दिला. माझं तेव्हा लग्न झालं नव्हतं, एकटाच होतो. त्याला माझ्याच खोलीत ठेवला. अकोल्याहून वडिलांना बोलावून घेतलं. त्यांनी पाय बघितला, कडुलिंबाच्या पाल्याचा शेक सांगितला, जिथं पू धरला होता तिथं चीर दिली. मला बाजूला घेऊन विचारलं, तुटला कसा. मी खरं सांगितलं. पाल्याचं गाठोडं माझ्या हातात देऊन ते परतीच्या गाडीत बसले.

जानराव पाटील आले ते चौथ्या दिवशी. धिप्पाड माणूस, डोक्याला मोठं पागोटं. मी दारात उभा राहून घडलं ते सगळं सांगितलं, मी काय बोललो तेसुद्धा. वाटलं, हा आता माझ्यावर हात टाकेल, आणि टाकला तर बरंच होईल. पाटील आत गेले, मुलाच्या उशाशी बसले, त्याच्या कपाळावर बराच वेळ हात ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यानं सांगतलं नसन, मास्तर. पन तुमी इचारलं काहून नाई?"

मी शेकाचा पाला गरम करायला चुलीकडे गेलो.

पुंडलिक वाचला. गुडघा मात्र वाकेना. तो पुढं कधीच पुरता वाकला नाही. त्यातच डाव्या घोट्याला दुसरा फोड आला. हा नारू मी काढायचा ठरवलं. रोज सकाळी कवाईत आटोपून आलो की पायावर पाण्याची धार धरायची, टोक ओलं करायचं, काडीला एक वेढा द्यायचा आणि हाताला जरा ताण लागला की थांबायचं. या कामात जोर लावायचा नसतो. ज्या माणसाचा सगळा धंदा जोराचा, त्याला ते फार कठीण. दुसरा वेढा द्यायला माझी बोटं वळायचीच. पुंडलिक म्हणायचा, "मास्तर, घाई नोका करू. मले कुठं जाचं आहे?"

साहेब आले आणि तपासणी करून गेले. त्यांनी कवाईत बघून मान डोलावली. माझी नोकरी पक्की झाली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. परीक्षेच्या वेळी हेडमास्तर स्वतः माझ्या खोलीवर आले, पुंडलिकाच्या खाटेजवळ बसले आणि एकेक प्रश्न वाचून दाखवत त्याची उत्तरं लिहून घेतली. नारूच्या मुलाला घरी पाठवायचा नियम त्यांनी त्यानंतर कधी चालवला नाही.

शाळेतली पोरं पुंडलिकाला भेटायला यायची. तो त्यांना काही तरी विचारायचा आणि पाटीवर खुणा करायचा. मला वाटलं, हिशेबाचा सराव चालला असेल. एक दिवस त्यानं पाटी माझ्यापुढं धरली. मधोमध रेघ होती. एका बाजूला ज्यांच्या घरी कोणाला तरी नारू झाला होता अशांची नावं, दुसऱ्या बाजूला ज्यांच्याकडे कोणालाच नाही त्यांची. प्रत्येक नावापुढं ते घर कुठलं पाणी पितं ते लिहिलेलं होतं. आड म्हणजे अरुंद खोल विहीर, तिच्यातलं पाणी वर उभं राहून दोरानं ओढतात. आडाचं पाणी पिणाऱ्यांत नारू नव्हता. नारूची बहुतेक सगळी घरं पायऱ्यांच्या विहिरीवरची होती, जिथं माणूस खाली उतरून, पाण्यात पाय ठेवून घागर भरतो. पाण्यातला बारीक जीव हा रोग पोटात नेतो, असं आता डॉक्टर सांगतात. तेव्हा आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या पोरानं खाटेवर पडल्या पडल्या, पाय दुखतोय म्हणून वेळ घालवायला, ते शोधून काढलं होतं.

मी पाटी हातात घेऊन बघतच राहिलो. मग सहज विचारलं, "अन् तुमच्या गावचं?"

त्यानं पाटी माझ्या हातातून घेतली आणि तळहातानं सगळी पुसून टाकली.

मग सांगू लागला. त्यांच्या गावात पूर्वी नारू नव्हता. आई गेल्यानंतर तेजीच्या पहिल्या पैशांतून वडिलांनी तिच्या नावानं विहीर बांधली होती. दगडी पायऱ्यांची, आसपासच्या चार कोसांत तशी नाही. विहीर झाल्यावर एक वर्ष काही नव्हतं. दुसऱ्या वर्षी दोघा-तिघांना निघाला, यंदा घरोघरी. "माह्या मायची इहीर आहे, मास्तर," तो म्हणाला. "आबाले कोन सांगन?"

मी सांगीन म्हणालो. एवढं तरी माझ्याकडे लागत होतं.

वैशाखात पुंडलिक काठीच्या आधारानं चालू लागला, तेव्हा त्याला दमणीत बसवून मी गावी घेऊन गेलो. वाटेतच विहीर लागली. सुंदर म्हणावी अशीच होती. काळ्या दगडाच्या रुंद, बेताच्या उंचीच्या पायऱ्या, मध्ये टेकायला ओटा, कोनाड्यात दिवा ठेवायची जागा. ऊन चढलेलं असूनही आत गारवा होता. बाया घागरी घेऊन उतरत होत्या. सगळ्यात खालच्या पायरीवर एक म्हातारा पोटरीची चिंधी सोडून पाय पाण्यात घालून बसला होता, आग शमवायला. त्याच्या शेजारीच एक बाई घागर बुडवत होती. पुंडलिकानं माझ्याकडे बघितलं.

गावाबाहेरच्या वस्तीतल्या लोकांना या विहिरीला हात लावायची मनाई होती. ते नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरत होते. दमणी हाकणाऱ्यानं सांगितलं की त्यांच्यात नारू नाही. गाव म्हणत होतं, त्यांचं रक्तच वेगळं. मी ते ऐकून घेतलं.

पाटलांनी जेवू घातलं. जेवण झाल्यावर मी विषय काढला. जमेल तितकं नीट सांगितलं, पाटीवरची नावं सांगितली, पायऱ्या बुजवून वरून दोरानं पाणी ओढायची सोय करा म्हणालो. पाटलांचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला. ते म्हणाले, "माह्या पोराचा पाय घेतला तुमी. आता त्याच्या मायच्या इहिरीले नाव ठेवाले आले काय?"

मी उठलोच. तेव्हा पुंडलिक बोलला. तो ओसरीच्या कडेला ताठ पाय लांब करून बसला होता. "आबा," तो म्हणाला, "माय असती तं आज तिलेई निंघाला असता."

पाटील त्याच्याकडे बघत राहिले. मग ते माझ्याशी बोलायला लागले, पण आवाज बदलला होता. त्यांनी सांगितलं की गावात पूर्वी एकच जुना आड होता, फार खोल. त्यांच्या बायकोची कंबर दुखायची, दोर ओढवत नसे. एक दिवस ती आडाच्या काठावर बसून रडत असलेली त्यांनी पाहिली होती आणि तेव्हा बायांची कामं बायांनी करावी म्हणून पुढं निघून गेले होते. "म्हनून पायऱ्या केल्या," ते म्हणाले. "उंच नाई केल्या. गड्याले सांगत होतो, बाईमान्साचा पाय सहज पडला पाह्यजे. म्या एक एक पायरी सोता उतरून पाह्यली."

ज्यांनी वेळेवर विचारलं नाही असे आम्ही दोघे समोरासमोर बसलो होतो.

शेवटी मी माझ्या धंद्यातलं तेवढं बोललो. म्हणालो, ओझं ओढायला बळच लागतं असं नाही. दोर मोठ्या चाकावरून घेतला, चाक नीट तोलून बसवलं, तर दहा वर्षांची पोरगीही घागर वर आणील. मी स्वतः उभा राहून बसवून देतो. पाटील हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांची दमणी मला न्यायला आली.

पायऱ्या बुजवायला चार दिवस लागले. पहिला दगड पाटलांनी ठेवला आणि मग ते वावरात निघून गेले, काम पुरं होईपर्यंत तिकडे फिरकले नाहीत. सुतारानं बाभळीची दोन मोठी चाकं केली. ती इतकी हलकी फिरेपर्यंत मी त्याला सोडलं नाही की तो शेवटी मला हात जोडून घरी जा म्हणाला. पहिली घागर गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं ओढली. घागर वर आल्यावर तिनं दोन्ही हात हवेत धरून बघितले, जणू काही आपण ओढलंच नाही. विहीर नवी झाली, मनाई मात्र जुनीच राहिली. वाळूत झिरा उकरणाऱ्यांबद्दल मी त्या दिवशीही शब्द काढला नाही. पाटील अर्धं ऐकत होते, सगळं मागितलं तर तेही जाईल असं मी स्वतःला सांगितलं. त्याचीही बोच आहे.

पुढच्या उन्हाळ्यात गावात नारू निघाला. आदल्या वर्षीइतकाच. नारू अंगात वर्षभर वाढतो, म्हणजे हे आधीच्या पाण्याचं होतं, हे आज सांगता येतं. तेव्हा फक्त पुंडलिक तसं म्हणत होता. "इहीर झाल्यावर बी पयलं साल कोरंच गेलं होतं, मास्तर," तो सांगायचा, "तसंच जातानाई एक साल घेईन." मी त्याच्यापुढं मान हलवायचो, पण आतून माझाही धीर सुटला होता. त्याच साली कापसाचा भाव पडला. गावानं दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. पाटलीणबाईंच्या पायऱ्या बुजवल्या, त्यांचा आत्मा दुखावला, म्हणून बरकत गेली. पारावर माणसं जमली आणि पायऱ्या उकरायचं ठरवून पाटलांकडे गेली. पाटील म्हणाले, एक साल थांबा. पुढच्या साली निंघाला तं पयली कुदळ माही. हे मला पुंडलिकानंच सांगितलं.

तो अजून शाळेतच होता. पळणं संपलं होतं. मी त्याला जोडी शिकवली, म्हणजे दोन जड मुदगल दोन हातांनी खांद्यामागून फिरवायचे. त्याला पाय वाकवावा लागत नाही. वर्षभरात त्याचे खांदे असे भरले की भटजींचा मुलगा त्याच्या दंडाला लोंबकळायचा. पोरं पळत असली की तो मैदानाच्या कडेला उभा राहून आकडे मोजायचा. मी त्याची माफी कधी शब्दांनी मागितली नाही. त्यानंही तसं काही मनात आहे असं दाखवलं नाही. रोज सकाळी तो माझ्या आधी मैदानावर यायचा, एवढंच.

मग तो उन्हाळा आला. चैत्र गेला, वैशाख गेला. पुंडलिक सुटीत गावी गेला होता, त्याचं काही कळलं नाही. मी कोणाला विचारलंही नाही. भीती वाटत होती. ज्येष्ठात, पाऊस जवळ आलेला असताना, सकाळी मी थोड्या पोरांना घेऊन मैदानावर होतो. बाजार उठलेला, गठाणी गेलेल्या, मैदान सगळं मोकळं होतं. रस्त्यावरून एक बैलगाडी आली. दमणी नव्हती, कडबा वाहायची मोठी गाडी. बैलांच्या शिंगांवर चांदी राहिली नव्हती. गाडी जानराव पाटील स्वतः हाकत होते, शेजारी पुंडलिक ताठ पाय बाहेर काढून बसला होता, आणि मागे गाडीभर पोरं होती. सहा-सात वर्षांपासून बारा-तेरापर्यंतची, मुलगे आणि मुलीही, गावातली सगळी, एकमेकांच्या अंगावर रेललेली.

पाटलांनी गाडी मैदानात आणून उभी केली. एकेक पोर काखेत धरून खाली उतरवलं. कोणाच्याही पायाला चिंधी नव्हती. पाटील माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मागच्या पोरांकडे हात करून म्हणाले, "यायले पयवा, मास्तर."

मी हुकूम द्यायला पुढं झालो, मग बाजूला सरलो. मी पुंडलिकाकडे बघितलं. तो काठी टेकत पुढं आला, पोरांना एका रांगेत उभं केलं, त्यांच्याकडे एकदा नीट बघून घेतलं. सगळ्यात लहान पोरीजवळ वाकता येईना म्हणून उभ्यानंच तिला विचारलं, पयशीन ना. तिनं मान हलवली. मग त्यानं हुकूम दिला.

ती पळाली. शिकवलेली पोरं पळतात तशी नव्हेत, हात कसेही फेकत, ओरडत, एकमेकांच्या पायांत येत. पाटील गाडीच्या चाकाला धरून उभे होते आणि वर बघतच नव्हते, नुसते त्या पायांकडे बघत होते. मैदानाच्या टोकाला वळायचं असतं हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. मैदान संपलं तरी ती थांबली नाहीत. कापसाच्या रिकाम्या बाजारातून, पुढच्या रस्त्यानं, धुरळा उडवत दिसेनाशी झाली, आणि त्यांना परत आणायला मला त्यांच्यामागे पळत जावं लागलं.